चिंगीची उंची

माझी धाकटी बहीण बायकांचे कपडे शिवते. दुकान एका खोलीचं, रस्त्याला लागून. मी तिथे काजं-बटणं करते. चिंगी ही तिची एकुलती एक मुलगी, वय सोळा आणि उंची दहा-अकरा वर्षांच्या पोरीएवढी.

चिंगीची मान जन्मापासून रुंद. कानाखालून खांद्यापर्यंत कातडीची घडी उतरलेली. बहिणीने त्याचा कधी बोभाटा केला नाही. कॉलर उभी घ्यायची, खांदा जरा आत कापायचा, की पोरगी चारचौघींसारखी दिसे. एकेक कपडा तीन-तीन वर्षं पुरायचा.

"ही शिंप्यांचा धंदा बुडवणार," असं तिचे वडील म्हणत. ते लिफ्टचे मेकॅनिक.

"माझं तुमच्या लिफ्टसारखं झालंय, बाबा," चिंगी म्हणे. "मध्येच अडकलेय. कुणीतरी बटण दाबा."

आम्ही पोट धरून हसायचो.

पाळी येईना तेव्हा मात्र बहीण घाबरली. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कॉलर बाजूला करून मान पाहिली आणि रक्त तपासायला आणि हाताचा एक्स-रे काढायला पाठवलं. रिपोर्ट घ्यायला बहीण, मेहुणे आणि मी गेलो. चिंगी शाळेत होती.

डॉक्टरबाई सावकाश बोलल्या. "प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. आईबापाच्या अंगात बीज तयार होताना जोड्या सुट्या होतात आणि एकेक गुणसूत्र पुढे जातं. कधीकधी त्या वाटणीत एखादं मागेच राहतं. मुलीला एक्स नावाची दोन लागतात, हिला एकच मिळालंय. म्हणून उंची खुंटली, मान अशी झाली आणि अंडाशय कामाला लागलेच नाहीत."

"पोटुशी असताना मी शेवटपर्यंत मशीन चालवत होते," बहीण म्हणाली.

"त्याचा काही संबंध नाही. हे कुणाच्या करण्याने होत नाही. असे गर्भ बहुतेक टिकतही नाहीत. ही टिकली."

"कुणाकडून राहिलं? हिच्याकडून की माझ्याकडून?" मेहुण्यांनी विचारलं.

"ते कळून काय करणार?"



"तिला मूल?" बहिणीने विचारलं.

"स्वतःच्या बीजापासून जवळजवळ अशक्य. पाळी गोळ्यांनी आणता येईल. हृदय मात्र नियमित तपासत राहायचं. हुशार आहे, तिचं अडणार नाही." मग त्या थांबल्या. "लहानपणी आणली असती तर उंचीसाठी इंजेक्शनं देता आली असती. मान बघून तेव्हाच शंका आली असती. आता एक्स-रेमध्ये हाडांची वाढणारी टोकं मिटत आलेली दिसतात."

बहीण टेबलाची कड चाचपत राहिली.

"तिला तुम्हीच सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अर्धवट सांगू नका."

तिघंही दुकानात आलो. बहिणीने मशीन उघडलं, पण पाय हलेना. "ताई, मूल होणार नाही हे कोणत्या तोंडाने सांगू?" तेवढंच ती घोकत होती. मूल दत्तक घेता येतं, असं सांग, मी म्हटलं. मूल नसलेलेही सुखात राहतात, असं सांग म्हटलं.

चिंगी आली. बहिणीने तिला शेजारी बसवून जोड्यांचं सांगितलं, मग मुलाचं सांगितलं. चिंगी ऐकत होती.

"बरं," ती म्हणाली.

"बरं काय गं?"

"मग काय म्हणू? वर्गातली पोरं मला कडेवर घेऊ का विचारतात, आणि तू माझ्या बाळंतपणाचं काय काढलंस? उंचीचं सांग. ती कधी वाढणार?"

याचं उत्तर बहिणीने जुळवलंच नव्हतं. तिने मेहुण्यांकडे पाहिलं.

"आता नाही वाढायची, बाळा," मेहुणे म्हणाले.

"आई म्हणायची, आपल्याकडच्या मुली उशिरा उंच होतात."

"मला वाटायचं तसं," बहीण म्हणाली.

"आणि आधी दाखवलं असतं तर?"

"आता कशाला ते," मेहुणे म्हणाले.

बहिणीने त्यांना हाताने थांबवलं. "वाढली असतीस," ती म्हणाली. "बरीच वाढली असतीस. मी मान झाकत बसले."

चिंगी उठली. आईला ओलांडून माझ्याकडे आली आणि माझ्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बहीण दोन पावलं पुढे आली आणि तिथेच थांबली. जवळ ये, असं मी तिला म्हणू शकले नाही.