शेवटचा मका

धाकटी प्रयोगशाळेत नोकरीला होती. धान्यात आणि पशुखाद्यात बुरशीचं विष आहे का, हे तपासायचं तिचं काम. पूर्वी अहवाल हाती येईस्तोवर गुरांनी ते खाद्य फस्त केलेलं असायचं. खाद्यातलं विष दुधात उतरतं, ते जागच्या जागी दाखवणाऱ्या पट्ट्या आता निघाल्या होत्या. दुधात बुडवायची, दोन रेघा उमटल्या तर दूध चांगलं, एकच उमटली तर विष. धाकटीला या पट्ट्यांचं भारी कौतुक.

ते कौतुक मिरवायलाच ती ताईकडे गेली. भाऊजी गेल्यापासून ताई एकटीच गोठा सांभाळत होती. "माझ्या दुधाची परीक्षा घेतेस होय," म्हणत तिने वाटी पुढे केली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

रेघ एकच उमटली. धाकटीने दुसरी पट्टी घेतली, मग आणखी एक. ताईचं हसू मावळलं.

गाई खात होत्या तो मका भाऊजींनी यकृताचं दुखणं अंगावर काढत, हट्टाने स्वतः कापलेला. पोती गोठ्यामागच्या खोलीत रचलेली. दाणे पिवळेधमक, कुबट वासही नाही. पट्टी चुकलेली असू दे, असं मनाशी म्हणत धाकटीने पोत्यापोत्यातला मका नेऊन यंत्रावर तपासला. पट्टी चुकली नव्हती.

तिने येऊन सांगितलं. ताई पोत्यावर हात ठेवून उभी राहिली.

"त्यांच्या हातचं एवढंच उरलंय गं. कुणाला खायला नाही घालणार. नुसता ठेवते थोडा."

"उंदीर नेतील, कोंबड्या टिपतील. नको, ताई."

ताईने परसात खड्डा खणून घेतला आणि पोती स्वतः रिती केली. धाकटीने तिच्या नाकातोंडाला फडकं बांधलं, तेवढंच तिने करू दिलं. मग दूध नेणाऱ्या शेजाऱ्यांकडे ती एकेका दारी सांगत गेली.

खाद्य बदललं, आणि काही दिवसांनी दोन रेघा उमटल्या. धाकटीने पट्टी पुढे धरली. ताईने ती पाहिलीच नाही.

"दरवर्षीचा मका त्याच खोलीत असायचा," ती म्हणाली. "पीठही त्याचंच. त्यांचं यकृत त्यानेच गेलं का?"

मागच्या वर्षांचा मका कधी कुणी तपासलाच नव्हता.

"माहीत नाही, ताई," धाकटी म्हणाली. "पण तेच पीठ तूही खाल्लंयस. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

ताई गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "धारा काढून झाल्या की निघू."