‘सोडू नको’च्या सातव्या भागातली माय

माझं नाव मिराबाई. ‘सोडू नको’च्या तिसऱ्या भागात मी मेले, आणि तिथूनच तो सिनेमा बिघडला हे माझं स्पष्ट मत आहे.

‘सोडू नको’ म्हणजे आमच्या कनेरगाव नाक्याचा सिनेमा. दिग्दर्शक प्रमोद, एरवी तो लग्नांची शूटिंग करतो. हिरो सोमेश्वर, त्याची प्रवासी जीप हिंगोली ते वाशीम चालते. पहिल्या भागात दोन मोटारसायकली नाक्याभोवती एकमेकींच्या मागे धावल्या, एवढंच. पण लोकांनी मोबाईलवर तो इतका पाहिला की दुसऱ्या भागात जीप आली आणि तिसऱ्यात जीपच्या मागे ट्रक. मग प्रमोद म्हणाला, हिरोला बदला घ्यायला कारण पाहिजे. ते कारण म्हणजे मी. मी हिरोची आई. छातीवर हात ठेवला, मेले, आणि भिंतीवर माझा हार घातलेला फोटो लागला.

पुढचं तर विचारूच नका. चौथ्या भागात व्हिलन जीपसकट विहिरीत पडला आणि पाचव्यात गॉगल लावून वर आला. त्याच भागात सोमेश्वरने धावत्या उसाच्या ट्रकवरून जीप उडवली. सहाव्यात त्याने पिकअप घेऊन हेलिकॉप्टरचा पाठलाग केला आणि पकडलंसुद्धा. हेलिकॉप्टर प्रमोदने कॉम्प्युटरवर बनवलं होतं, तरी शूटिंगच्या दिवशी अर्धा नाका आभाळाकडे बघत उभा. आणि दर वेळी पाठलागाला निघण्याआधी सोमेश्वर माझ्या फोटोपुढे हात जोडायचा. माझ्यापेक्षा माझ्या फोटोला जास्त कामं मिळाली. मी आपली घरात बसून.

सहाव्या भागातला नेमका तो फोटोचा तुकडा कुणीतरी पुढे पाठवला आणि वसमतहून माझी चुलत नणंद आशाबाई दुखवट्याला आली. दारातूनच तिने गळा काढला. मी चहाचं पातेलं हातात घेऊन बाहेर आले, तर तिचं रडणं तिथेच थांबलं. गावभर हसू झालं. मीही हसले. पण ती गेल्यावर मला वाईट वाटलं, फार वाईट. साठीला आलेली बाई मेली असेल, हे लोकांना इतकं सहज पटतं? त्याच दिवशी ठरवलं, सातव्या भागात आपण परत यायचं.

तडक प्रमोदचं दुकान गाठलं.

“मावशी, सरण पेटताना दाखवलंय आपून,” तो म्हणाला. “आता कसं आणावं तुमाला?”

“तोंड दाखवलं का माझं? जित्या बाईला सरणावर निजवता का, म्हणून मी भांडले व्हते. मग तुमीच कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भारा लुगड्यात गुंडाळून ठेवला. बघ काढून.”

त्याने काढून बघितलं. भाराच होता. प्रमोद हसत खुर्चीतून उडालाच, पण शेजारी बसलेला सोमेश्वर काही हसला नाही.

“माय मेली की मेली,” तो म्हणाला. “परत येत न्हाई.”

“इहिरीतून व्हिलन आला, ते चाललं व्हय तुला?”

“त्याचं येगळं हाय, मावशी.”

एवढं बोलून तो उठून गेला. मला असा राग आला! म्हटलं, लोकांच्या शिट्ट्या माझ्यासोबत वाटून घ्याव्या लागतील म्हणून घाबरून राहिला पठ्ठ्या. त्याची स्वतःची आई मागच्या पोळ्याच्या सुमाराला गेली होती. मी तिच्या मातीलाही गेले होते. पण रागात ते डोक्यातच आलं नाही.

चार दिवस प्रमोद त्याच्या मागे लागला तेव्हा कुठे तो तयार झाला.

शूटिंग सकाळी, गावाबाहेरच्या माळावर. हिरोची गाडी बंद पडलेली, तीन जीपा त्याच्यावर चालून येतात, आणि मी आडव्या वाटेने ट्रॅक्टर घालून तिन्हींचा रस्ता अडवते, असा प्रसंग. नवरा गेल्यापासून बारा वर्षं हळदीची ट्रॉली मीच ओढते, त्यामुळे ब्रेक कधी मारायचा ते मला कुणी शिकवू नये. प्रमोदने पानभर संवाद दिले होते. आगीतून उठले काय, सूड काय! सगळे तोंडपाठ केले.

पहिल्या जीपच्या नाकापासून वीतभर अंतर ठेवून ट्रॅक्टर बराबर उभा केला. धूळ बसेपर्यंत थांबले. मग पदर खोचून खाली उतरले. आता सोमेश्वरने ‘आई, तू जिवंत?’ असं ओरडायचं होतं. तो ओरडला नाही. चालत जवळ आला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

“एवढा उशीर काहून केला, माय?” तो हळूच म्हणाला.

हे कागदावर नव्हतं. माझे संवाद कुठच्या कुठे गेले. हा पोरगा मला का नको म्हणत होता, ते तेव्हा कळलं.

“ट्रॅक्टर हळू चालतो, लेकरा,” मी म्हणाले. “पण आले ना?”

त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मोठ्याने रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गुंडही जीपांतून खाली उतरले होते.

शेवटी प्रमोद कॅमेऱ्यामागून म्हणाला, “मावशी, आवाजात वारा आला. आणखी एकदा घेऊ.”

“न्हाई,” सोमेश्वर डोकं न उचलता म्हणाला.