आंदणाचा फ्रिज

आमच्या घरात वस्तूंची मालकी बदलायला तलाठी लागत नाही. वस्तू चालू असली की ती आमची, म्हणजे माझ्या सासरची. बंद पडली की तुमची, म्हणजे माझ्या बापाची. ज्या क्षणी तिचा आवाज थांबतो त्या क्षणी ती अमरावतीहून उठून अकोल्याच्या नावावर चढते.

लग्नात बाबांनी दिलेलं आंदण मांडवात मांडून ठेवलं होतं. दिवाण, आलमारी, मिक्सर, भांडीकुंडी आणि मधोमध लाल रिबीन बांधलेला फ्रिज. माइकवर एकेका वस्तूचं नाव पुकारलं गेलं. फ्रिजचं नाव आलं तेव्हा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, फेटा सारखा केला. तेव्हापासून तो आमचा फ्रिज. तो स्वयंपाकघरात नाही, पुढच्या खोलीत उभा आहे, कारण स्वयंपाकघरात ठेवला तर तो लोकांना दिसणार कसा? त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. पाहुणा आला की मामाजी मला हाक मारून सांगतात की आपल्या फ्रिजमधलं पाणी आण. नुसतं पाणी आण म्हटलं तर पाहुण्याला वाटायचं माठातलं आहे.

मिक्सर बिघडला तेव्हा बाबांना अकोल्याहून बोलावलं. दिवाणाचा पाय निखळला तेव्हाही बोलावलं. आलमारीची किल्ली आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतः हरवली, पण कुलूपच हलकं निघालं असं ठरलं आणि बाबा कुलूपवाल्याला घेऊन आले. कायदा मलाही लागू आहे. पुरणपोळी जमली की मी आमची सून. गेल्या वर्षी कावीळ झाली तेव्हा तुमची पोरगी झाले, आणि बाबा येऊन मला घेऊन गेले. बरी झाल्यावर मामाजी स्वतः आणायला आले. चालू झाले होते ना.

तर या मे महिन्यात फ्रिज बसला. दिवा लागत होता, मागची मोटर घुं घुं करत होती, पण आत हात घातला तर कपाटात हात घातल्यासारखं. बर्फाच्या कप्प्यातलं पाणी पाणीच राहिलं. एरवी मी एवढी घाबरले नसते. पण बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. उन्हात जायचं नाही, धुळीत जायचं नाही, धक्के खायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि मला पक्कं ठाऊक होतं की फ्रिज बसल्याचं मामाजींना कळलं की पुढचा फोन अकोल्याला जाणार. या खेपेला काही झालं तरी बाबांना येऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

म्हणून मी लपवलं. नाक्यावरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणायचा, पदराखाली धरून घरात शिरायचं, आणि पातेल्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचा. फ्रिजनं बर्फ करायचा असतो, आमच्याकडे बर्फ फ्रिज करत होता. मामाजी बाटली तोंडाला लावून म्हणायचे की आपल्या फ्रिजची गोष्टच वेगळी. गल्लीतल्या मेकॅनिकला दुपारी सगळे झोपल्यावर बोलवायचं मी ठरवलं होतं. पण त्याच्या आधी आत्याबाईंनी दही काढलं. ते इतकं आंबलं होतं की त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. मग त्यांनी दार सताड उघडलं आणि बर्फाचं पातेलं बघितलं.

निदान करायला माझा नवरा गजेंद्र उठला. त्याचं भातकुलीला कृषी केंद्र आहे. शेतकरी रोगट पान घेऊन आला की हा पानाकडे न बघता फवारा सांगतो, तेवढा त्याचा अभ्यास दांडगा. त्यानं फ्रिजचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, बटण फिरवलं, बाजूला एक थाप मारली आणि निकाल दिला की मालच हलका आहे. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावू. तर मामाजींना ते पटेना. ज्यांचा माल त्यांनीच बघावा, आपण मध्ये हात घातला तर उद्या आपल्यावर येईल, असं त्यांचं म्हणणं. एवढं बोलून त्यांनी व्याह्यांना फोन लावला, आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"इवाई, तुमचा फ्रिज बसला ना. थंडच नाही करून राहिला."

डोळा कसा आहे, हे त्यांनी विचारलं नाही. बाबांनीही सांगितलं नाही. पलीकडून फक्त "येतो" एवढं ऐकू आलं. मी बाबांना लगेच वेगळा फोन केला, येऊ नका म्हणून भांडले. ते म्हणाले, तुला त्या घरात राहायचं आहे बाई. मला इतका राग आला की फोन ठेवल्यावर मी त्या फ्रिजला लाथ मारली. लागलं मलाच.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी बाबा आले. काळा चश्मा, डोक्याकानावरून गुंडाळलेला दुपट्टा. बसमध्ये धक्के बसतील म्हणून ते शेषरावांच्या छोट्या हत्तीत पुढे बसून आले होते. शेषराव अकोल्याचे फ्रिज मेकॅनिक, त्याच टेम्पोतून लोकांचे फ्रिज नेतात-आणतात. अमरावतीत गल्लोगल्ली मेकॅनिक असताना अकोल्याहून मेकॅनिक आणायचा, कारण माल अकोल्याचा. एखाद्या म्हशीलाही एवढा माहेरचा डॉक्टर लागत नाही.

बाबा त्यांनीच दिलेल्या दिवाणावर टेकले. मी कोमट पाणी दिलं, दुसरं नव्हतंच. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून एक ओला रुमाल काढला. रुमालात डोळ्यात घालायच्या थेंबांची शिशी होती. ही शिशी थंड ठेवायची असते, म्हणून रुमाल मूर्तिजापूरला पुन्हा भिजवला, असं ते सहज म्हणाले. मी विचारलं, घरी कशी ठेवता? तर आई ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवते म्हणे. उन्हानं फडकं वाळतं, आई उठून पुन्हा भिजवते.

माझ्या माहेरी फ्रिज नाही. कधीच नव्हता. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी त्याच घरात वाढले. पण मला फ्रिज देणाऱ्या माणसाकडे फ्रिज नाही, हे त्या शिशीकडे बघताना पहिल्यांदा नीट कळलं. मी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले. शिशी हाताला गरम लागत होती.

तिकडे शेषरावांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. हा माणूस कामापेक्षा बोलतो जास्त, आणि स्वतःच्या कामाचं कौतुक ऐकायला दुसऱ्याची वाट बघत नाही. त्यांनी फ्रिज भिंतीपासून ओढला. मागून चार वर्षांची धूळ, एक कंगवा आणि मामाजींचा हरवलेला चश्मा निघाला. मोटर गरम आहे, चालते आहे, पण मागची जाळी थंडगार, म्हणजे आत गॅसच उरला नाही, असं त्यांनी जाहीर केलं. गजेंद्र लगेच म्हणाला, मी तेच म्हणत होतो. तो तसं काहीच म्हणत नव्हता.

पण गॅस काही आपल्या पायांनी जात नाही, कुठंतरी भोक असलंच पाहिजे, असं म्हणून शेषरावांनी नळीत हवेचा दाब भरला आणि मला साबणाचा फेस करून मागितला. ब्रशनं तो फेस एकेका जोडावर लावत ते सरकत गेले. मागचे सगळे जोड ठीक. मग बर्फाच्या कप्प्यात ब्रश फिरवला, आणि तिथं, डाव्या बाजूला, फेसातून बुडबुडे यायला लागले. बारीक, एकामागून एक. फेस पुसला तर पत्र्यावर लांब ओरखडा आणि त्याच्या टोकाला टोचलेलं भोक.

शेषरावांनी मान वर करून विचारलं, बर्फ उकरायला सुरी कोणी घातली?

मग गजेंद्र चिडून म्हणाला, "चांगल्या कंपनीचा असता त एका पेचकसानं भोक पडलं असतं काय?"

पेचकसाचं नाव तोपर्यंत कोणीच घेतलं नव्हतं. मॅच बघायला त्याचे मित्र आले होते त्या संध्याकाळी घट्ट बसलेला बर्फ निघेना, म्हणून तो पेचकस शोधत होता, हे मला तेव्हा आठवलं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी कोणाची मान खाली जाईल. मी साधी आहे.

आत्याबाई म्हणाल्या की घरात तरणी पोरं असतात, कधी पेचकस लागतो, कधी काय लागतं, देणाऱ्यानं देतानाच मजबूत वस्तू द्यावी. मामाजींनी मान डोलावली. आणि माझे बाबा, त्या काळ्या चश्म्यामागून, हात जोडून म्हणाले, "चुकलं आमचंच. जरा चांगला पाहून घ्याले पाहिजे होता."

भोक पाडलं यांनी आणि माफी मागितली बापानं. माझ्या हातात फेसाचं भांडं होतं. ते गजेंद्रच्या डोक्यावर ओतायची इच्छा मी कशी आवरली ते मलाच माहीत.

शेषरावांनी भोक झाळून बुजवलं, पुन्हा फेस लावून बघितला, नळीतली हवा ओढून काढली आणि गॅस भरला. या सगळ्यात दुपार कलली. मग मोटर सुरू झाली, मागची जाळी तापायला लागली, आणि बर्फाच्या कप्प्यात पांढरी साय धरली. मामाजींनी त्यावर बोट फिरवून बघितलं. त्यांचा चेहरा खुलला. शेजारचे दोघे अंगणात येऊन उभे होतेच, त्यांना मामाजींनी मोठ्यानं सांगितलं की आपला फ्रिज झाला चालू, आता या थंड पाणी प्यायला.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "मामाजी, फ्रिज कोनाचा आहे?"

"आपलाच ना बाई."

"मंग काल बाबाले फोन काहून केला?"

"काल तो बिघडला होता ना," मामाजी म्हणाले. त्यांना त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी फ्रिजवरचा रुमाल आणि फुलं उचलून आत्याबाईंच्या हातात दिली. फ्रिजची पिन भिंतीतून काढली. शेषरावांना म्हटलं, फ्रिज टेम्पोत चढवा, अकोल्याला न्यायचा आहे. बाबांच्या औषधाला लागतो. गजेंद्र काहीतरी बोलायला पुढे आला, तर मी त्याला एवढंच विचारलं की पेचकस कुठे ठेवलास, आणि तेही अंगणातल्या लोकांसमोर विचारलं. तो मागे सरला. मग लोक बघत आहेत म्हटल्यावर त्यालाच एका बाजूनं हात लावावा लागला. शेषराव बजावत होते, आडवा करू नका, उभाच राहू द्या, आत्ता गॅस भरला आहे. मामाजी ओट्यावर उभे राहून नुसते बघत होते. चालू वस्तू दारातून बाहेर जाताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली असावी.

बाबा मात्र घामाघूम झाले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, दिलेलं आंदण कोनी वापस नेते काय? लोक काय म्हनतीन?"

"सांगजा लोकायले, बिघडला म्हनून आनला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चश्म्याआडून काय बघितलं ते दिसलं नाही, पण ते टेम्पोत जाऊन बसले. शिशीचा रुमाल मी भिजवून त्यांच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी पुढच्या खोलीत फ्रिजच्या जागी चौकोनी डाग उरला होता आणि तिघंही त्याच्याकडे पाठ करून बसले होते. मी माठ धुऊन भरला. रात्री उशिरा आईचा फोन आला, तो मी मामाजींसारखाच स्पीकरवर टाकला. फ्रिज नीट पोचला होता, चालूही केला होता. आई गोंधळली होती. एवढ्या मोठ्या फ्रिजमध्ये ठेवायचं काय, असं ती विचारत होती. थेंबांची शिशी ठेवली, बाकी सगळा रिकामा. बाबांनी डोळ्यात थेंब घातले तर गार लागले, म्हणून ते लहान मुलासारखे हसले, असंही तिनं सांगितलं.

फोन ठेवला तसे मामाजी बोलले. इतका वेळ दाबून धरलेलं बाहेर पडलं. "रिकामाच ठेवाचा होता त इथं काय वाईट होता? चालू फ्रिज होता आपला."

"बिघडू द्या मामाजी," मी म्हटलं. "बिघडला की बाबा तुमाले फोन करतीन."