पहिल्या लेकीचं नाव

कत्सिनाच्या त्या वस्तीत बाया परक्या पुरुषापुढे येत नाहीत नि ऊठसूट उंबऱ्याबाहेरही पडत नाहीत. म्हणून पोलिओचे थेंब घेऊन घरोघर फिरायचं काम देलूकडे. लामीच्या अंगणात तिने दोन पोरांच्या तोंडात थेंब टाकले, करंगळीला शाई लावली आणि भिंतीवर खूण करायला खडू काढला.

"आणखी कोणी?"

"नाही अक्का. दोनच."

चुलीपाशी लहान वाडगे तीन होते. "मग तिसरा काय मांजराचा?"

लामीने पदर तोंडावर ओढला. तिची सवत असाबे खो-खो हसली. "अगबाई, पहिल्या लेकराला आई आपलं म्हणते होय, नाव तरी घेते होय? लाज आहे की नाही काही! ती पोरगी आजीकडेच असते. आता दोघी निघाल्यात आजीच्या माहेरी. पावसाळा संपल्यावरच येतील."

मागच्या भिंतीपलीकडे गाढवाचा गाडा कुरकुरला. दारातून वळसा घालून जाईपर्यंत तो कुठल्या कुठे गेला असता.

"अगं, हाक मारा कुणीतरी!"

असाबेने दोनदा हाक मारली. ओ नाही. "म्हातारी ठार बहिरी. आणि पोरगी माझ्या हाकेला कसली येतेय! मी बोलावते ती कामाला जुंपायलाच. परक्या आवाजाला तर ओही द्यायची नाही."

"लामी, तू मार."

लामीने मान हलवली. देलूला संताप आला, पण लामीचा नाही.

"सात वर्षांपूर्वी माझ्या दारी अशीच बाई आली होती," ती म्हणाली. "मीही म्हणाले, एकच आहे. दुसरा, म्हणजे पहिला, सासूबाईंकडे होता. आता काठी टेकत चालतो. बेल्लो. माझ्या थोरल्याचं नाव बेल्लो."

असाबेचं हसू विरलं. थोरल्याचं नाव असं तोंडाने घेणारी बाई तिने जन्मात पाहिली नव्हती.

लामी पालथ्या उखळावर चढली. भिंतीवरून मान बाहेर काढली. गाडा पुढे सरकत होता.

"तसल्ला! अगं ए तसल्ला!"

चाकं थांबली. पलीकडून बारीक आवाज आला, "कोण आहे?"

पोरीने आपलं नाव त्या आवाजात कधी ऐकलंच नव्हतं.

"आई," लामी म्हणाली. "तुझी आई आहे मी. ये इकडे."