घंगाळावरचा तिरका ठोका

“एवढा एक ठोका तिरका गेलाय बघा,” संग्रहालयाच्या बाई काकांच्या कानाशी येऊन म्हणाल्या. “कड्या घट्ट करताना तोही सारखा करून टाका. उद्या पाहुणे येणार आहेत.”

काकांना अर्धंच ऐकू आलं. पन्नास वर्षं तांबं ठोकणाऱ्याचे कान आणखी किती साथ देणार? उरलेलं लेकीने हातवाऱ्यांनी सांगितलं. काचेच्या कपाटातून काढलेलं मोठं घंगाळ सतरंजीवर ठेवलं होतं. काकांनी डोळे मिटले आणि ते घंगाळाच्या पोटावरून बोटं फिरवायला लागले.

तांबटांच्या आळीत प्रत्येक हाताचे ठोके वेगळे. कुणाचे खोल, कुणाचे उथळ. हे मात्र डावीकडे कललेले होते. बोटं ओळीमागून ओळ चालत गेली, आणि लहानपणचं घर हळूहळू उजळत आलं. दुपारची वेळ, आतून लावलेली कडी, फटीतून तांब्यावर पडलेलं ऊन. बाहेरून जाणारे म्हणायचे, काय हात आहे तांबटाचा. आत तांबट खोकत पडलेला असायचा, आणि हातोडी आईच्या डाव्या हातात असायची.

बाईने ठोकलेलं भांडं कुणी दारातही उभं केलं नसतं, आणि आळीने वाळीत टाकलं असतं ते वेगळंच. तसा मान तो केवढा? भांडं थेट ते बनवून घेणाऱ्या शेटजींच्या आतल्या खोलीत जायचं आणि ते घेऊन आलेले वडील पायरीवर उभे राहायचे. पण आळीत त्यांच्या हाताचा दबदबा होता, आणि काकांनी तो आजवर जिवापाड जपला होता.

बोट थबकलं. हाच तो तिरका ठोका. आई सांगायची, “तू माझ्या पाठीला बांधलेला होतास. असा दचकून रडलास की हातच हलला माझा. तुझे वडील म्हणाले, राहू दे, कोण बघतंय.”

 आपला गाल एका उबदार पाठीला टेकलाय आणि एकेक ठोका त्या पाठीतून आपल्या अंगात उतरतोय, असं काकांना वाटत राहिलं.

“बाबा, डुलकी लागली का?” लेकीने खांदा हलवला.

“कड्या करतो,” काका म्हणाले. “ठोक्याला हात लावणार नाही.”

“अहो, पण दोषच आहे ना तो?” बाई पुन्हा कानाशी येऊन म्हणाल्या.

“तो काढायचा तर आजूबाजूचं सगळं माझ्या हातोडीने नव्याने ठोकावं लागेल. मग हा हात पुसला जाईल.”

“कुणाचा हात?”

कपाटातल्या कार्डावर देणगीदार म्हणून शेटजींच्या नातवाचं नाव ठळक होतं. खाली बारीक अक्षरात ‘कारागीर अज्ञात’. ‘वडिलांचा’ हा शब्द काकांच्या अगदी जिभेवर आला. आयुष्यभर तेच तर सांगितलं होतं. आता दुसरं काही सांगायचं म्हणजे वडिलांची सगळी कीर्ती स्वतःच्या तोंडाने खोटी ठरवायची. 

“माझ्या आईचा,” ते म्हणाले.

 हे लेकीलाही ठाऊक नव्हतं.

बाईंनी पेन काढलं. “नाव सांगा त्यांचं.”

काकांनी सांगितलं, पण इतक्या हळू की बाईंना पुन्हा विचारावं लागलं. आईचं नाव त्यांनी उभ्या जन्मात कधी मोठ्याने घेतलं नव्हतं.

“आडनाव?”

“तांबट. जात तीच, कामही तेच. तुमची शाई वाचली.”

कड्या बसल्यावर लेकीने सवयीने घंगाळाला टिचकी मारली. “बाबा, घुमतंय बघा कसं.”

काकांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी वाकून घंगाळाच्या गार पोटाला गाल टेकवला.

“पुन्हा मार,” ते म्हणाले.