तपासणीला नेलेला थर्मास

माझं झाकण कोणीतरी नेलं आहे. नाव घेत नाही, कारण नेताना पाहिलं नाही. पण कार्यालयातल्या टेबलावर पेनं उभी करायला असं झाकण फार सोयीचं पडतं, एवढं मला माहीत आहे. निदान विचारायचं तरी.

मी थर्मास बोलतोय. लाल प्लास्टिकचं अंग, आत काचेचं भांडं, खांद्यावर अडकवायला पट्टा, असा मी होतो. आता पट्टाही नाही. तुमसर तालुक्यात, जिथून आंबागडचा डोंगर दिसतो अशा एका गावातल्या घरात, ओसरीवरच्या फळीवर मी बसलेला असतो.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो चिखल्याच्या मँगनीज खाणीवरचा मांडव. सुरक्षा सप्ताहात टिकाराम नावाच्या कामगाराला मी बक्षीस मिळालो. टिकारामचं काम असं, की सगळ्यांच्या आधी आत जायचं आणि लोखंडी सळईने वरचं छत ठोकून पाहायचं. भरीव वाजलं तर कामगारांची गँग आत. पोकळ वाजलं तर काम बंद. काम बंद झालं की गँगवाले त्याला शिव्या द्यायचे. मग तो माझं झाकण उघडून शांतपणे चहा प्यायचा. ते दिवस किती चांगले होते, हे तेव्हा मला कळलं नाही.

टिकारामची मुलगी प्रतिक्षा. बी.कॉम. झाली आणि परीक्षा देऊन भंडाऱ्याच्या एका कार्यालयात पदवीधर प्रशिक्षणार्थी म्हणून लागली. लोकांच्या ठेवी घेणाऱ्या संस्था नियमाने चालतात की नाही, हे पाहणारं ते कार्यालय. सहा महिने तिने नुसत्या फायली लावल्या. मग वीरेंद्र साहेबांनी तिला पहिल्या तपासणीला नेलं आणि तिथे तिने चूक केली. संस्थेने चहा दिला, चिवडा दिला, तिने घेतला. साहेबांनी घेतला नाही.

परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले, "चहा चांगला होता ना?"

"हो सर."

"म्हणूनच दुसरं रजिस्टर मागितलं नाहीस."

त्या रविवारी ती घरी आली, फळीवरून मला काढलं आणि आईला, ताराबाईंना, म्हणाली, "हा मी नेते."

पुढची सात-आठ वर्षं मी तिच्या खांद्यावर होतो. साकोली, पवनी, लाखांदूर. एसटीची खिडकी, जीपची मागची सीट. ज्याची तपासणी, त्याचं पाणीसुद्धा नाही. आपल्याकडे चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. लोकांची तोंडं पडायची. ती हसून मला उघडायची आणि रजिस्टर मागायची. प्रशिक्षणार्थीची निरीक्षक झाली, तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि तिने माझ्यातला चहा घेतला. इतकी साधी गोष्ट! सगळ्यांनी पाळली तर किती घरं वाचतील, असं मला तेव्हाही वाटायचं.

मग यादीत तिच्याच गावची पतसंस्था आली.

टिकाराम आणि ताराबाईंच्या सगळ्या ठेवी तिथेच होत्या. प्रतिक्षाने साहेबांना ते आधीच लिहून दिलं. साहेब म्हणाले, "जिल्ह्याला माणसं दोनच. मी सोबत येतो. वाचन तुझं, सही माझी."

संस्थेचे सचिव टेकचंद, टिकारामचे बालमित्र. त्यांनी कपबशी स्वतः पुढे केली. "घे वं प्रतिक्षा."

"नको काका. आणली आहे."

"घरून चाय आणली? माह्या खांद्यावर बसून मंडईची जत्रा पाहाले जात होतीस तू. तवा नाई म्हनलीस कधी?"

तिने मला उघडलं. थोडा चहा टेबलावर सांडला. तो पुसून तिने कर्जाचे अर्ज मागितले. चार वेगवेगळ्या माणसांच्या सह्या एकाच हाताच्या होत्या. चौघं संचालकांचे नातेवाईक.

संध्याकाळी ती घरी आली. अहवाल दोन दिवसांनी जायचा होता. तो गेला की ठेवी अडकणार. एक शब्द बोलली असती तर आईबाबांचे पैसे सकाळीच निघाले असते. ताराबाई भाकरी थापत होत्या. टिकारामने लेकीकडे बराच वेळ पाहिलं.

"पोकळ वाजलं का?"

तिने मला विसळायला घेतलं.

"बरं, नको सांगू. पन वाजलं असंन तं वाजलं म्हनाचं. गँगवाले शिव्या देतेतच."

सकाळी संस्थेचं दार उघडलं. टिकाराम तिकडे गेला नाही. दिवसभर तो अंगणात बसून जुनी खाट विणत राहिला.

अहवाल गेला, संस्थेचे व्यवहार थांबले. शेजारची रुखमा दारात येऊन बोलून गेली, "माह्या पोरीच्या शिक्षणाचे पैसे अडकवून तुले काय भेटलं वं?" प्रतिक्षाने, आमचेही अडकलेत, असं सांगितलं नाही. मला सांगता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

दिवाळीनंतर गावची मंडई आली, तेव्हा प्रतिक्षा मला घेऊन घरी आली. मंडईला आमच्याकडे घरोघरी पाहुणे. ताराबाईंनी सकाळीच चहा करून मला गळ्यापर्यंत भरलं. दंडारीच्या नाचाचे ढोल वाजले, गल्लीतून माणसं गेली, आली. ओसरीवर कोणी चढलं नाही. संध्याकाळी ताराबाईंनी मला मोरीत रिकामं केलं. चहा तेव्हाही कोमट होता. कोणी येणार नव्हतं तरी तो कोमटपणा मी टिकवला, याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या मंडईलाही तसंच.

तिसऱ्या वर्षी त्या कर्जांची वसुली झाली. चूक वेळेत धरली गेली म्हणून ठेवी परत मिळाल्या, सगळ्यांच्या. टेकचंदांनी सचिवपद सोडलं. कोणी आभार मानले नाहीत आणि तिनेही वाट पाहिली नाही. साहेब निवृत्त झाले होते, तिच्याकडे कामं वाढली होती.

प्रतिक्षा आता त्याच कार्यालयात व्यवस्थापक आहे. नवे प्रशिक्षणार्थी स्टीलच्या बाटल्या नेतात. माझ्या आतल्या काचेला तडा गेला, तेव्हा तिने मला भंगारात दिलं नाही, इथे आणून ठेवलं. माझं एकच मागणं आहे. काच बदलून मिळते तुमसरला. जमलं तर बदला. अजून दोन-चार जीपा फिरायची हौस आहे.

परवा मंडई होती. प्रतिक्षा आली होती. दुपारी रुखमा आपल्या मुलीला, अपेक्षाला, घेऊन ओसरीवर चढली. न विचारता बसली. ताराबाई चहा ठेवायला आत गेल्या.

"हे तुह्या हापिसाची परीक्षा देतो म्हनून राहिली," रुखमा म्हणाली. "मी म्हनलं दे बापा. पन तूच समजावून सांग तिले, एक-दोन मंडया आपलं घर सुनं राहीन म्हना."