सिनेमाबद्दल सूर्यकांतरावांचं मत

हिंगोलीतले लोक सूर्यकांतरावांना विचारून सिनेमा बघत, असं म्हणणं जरा जास्त होईल. सिनेमा ते आपापले बघूनच टाकत. पण बघितलेला सिनेमा चांगला होता की वाईट, हे सूर्यकांतराव बोलल्याशिवाय नक्की होत नसे.

सूर्यकांतराव पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. पडद्यावर काहीही चाललेलं असो, त्यांना त्यातली कार्यालयीन बाजू आधी दिसायची. भुताच्या सिनेमाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की बंगला वीस वर्षं बंद आहे म्हणतात आणि बटण दाबलं की दिवा लागतो, म्हणजे बिल कोणीतरी भरून राहिलं. "मला भुताचं काही नाही, मला तो माणूस बघायचा होता." प्रेमकथेतला नायक नायिकेमागं तीन शहरं फिरला, तेव्हा ते म्हणाले की गाणी ठीक आहेत, पण एवढी रजा कोण मंजूर करतं ते दाखवायला पाहिजे होतं. परग्रहावरचे लोक पृथ्वीवर उतरले, तेव्हा उतरण्याआधी कोणी जागेची मोजणी केली नाही हे त्यांना खटकलं. खुनाचा तपास अडीच तास चालला, तो त्यांच्या मते पहिल्या दिवशीचा पंचनामा ढिला होता म्हणून. पौराणिक सिनेमांबद्दल ते फक्त एवढंच म्हणत, की देव वर तोंडी देतात, लेखी काही ठेवत नाहीत, आणि मग पुढच्या सगळ्या भानगडी होतात.

ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर मोहनसिंग ही मतं दुपारपर्यंत सगळ्या गावात पोचवायचा. "साहेबांचं बोलणं बराबर राहते," तो पानाच्या टपरीवर सांगायचा, "आपण सिनेमा पाहतो, साहेब सिनेमा तपासतात."

एक गोष्ट मात्र मोहनसिंगलाही ठाऊक नव्हती. सूर्यकांतराव सिनेमात झोपत. सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपेपर्यंत जागे असत; मग अंधार, गार वारा आणि मऊ खुर्ची यांचा असा काही परिणाम होई की थेट शेवटच्या हाणामारीलाच डोळे उघडत. मधलं सगळं घरी जाताना स्कूटरवर मागं बसून प्रेमाबाई सांगत. कोण कोणाचा भाऊ निघाला, कोण का मेला, बंगल्यात दिवा कसा लागला. बाईंचं सांगणं इतकं तपशीलवार असे, की दुसऱ्या दिवशी मत द्यायला काही तकलीफ पडत नसे. तुला कसा वाटला, हे मात्र इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला कधी विचारलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना प्रेमाबाईंनी सिनेमात काम केलं.

झालं ते असं. डोंगरकडा गावचे उकंडराव, केळीच्या बागांचे धनी, यांचा मुलगा विकास पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेऊन आला होता. त्यानं वडिलांच्या पैशानं 'सांडव्यापलीकडे' नावाचा सिनेमा काढला. नायकाच्या आईचं काम करणारी बाई शूटिंगला महिना उरला असताना नको म्हणाली. विकासनं प्रेमाबाईंना हिंगोलीत भजनी मंडळात बघितलं होतं. तो घरी आला आणि म्हणाला, "काकू, तुमचा चेहरा आईचा आहे." दोन लेकरं वाढवूनही घरात कोणी असं म्हटलं नव्हतं, त्यामुळं बाई लगेच हो म्हणाल्या.

काम म्हणजे बोलायचा एकच सीन, पण मरणाचा. कॅनॉलच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला, शेत असलेली म्हातारी आई खाटेवर पडलेली, पोरगा चमच्यानं पाणी पाजतोय. ती विचारते, "कॅनॉलचं पाणी टेलपर्यंत आलं का रे?" पोरगा रडत खोटंच हो म्हणतो. ती हसते आणि जाते.

या सीनची तालीम महिनाभर घरातल्या दिवाणावर चालली. पोरगा सूर्यकांतराव. जेवण झालं की प्रेमाबाई आडव्या होत आणि सूर्यकांतराव हातात वाटी-चमचा घेऊन "आई, डोळे उघड गं आई" असं म्हणत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या अपर्णा वहिनींनी खिडकीतून विचारलं, "काहो, सासूबाई आल्यात का गावाकडून?" सूर्यकांतरावांची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि प्रेमाबाई पुन्हा मेल्या.

शूटिंग झालं. पहिला खेळ वारंगा फाट्यावरच्या मंगल कार्यालयात ठरला, कारण ते उकंडरावांच्या मेव्हण्याचं होतं. आदल्या दिवशी प्रेमाबाई म्हणाल्या, "एक सांगू का?"

"सांग."

"उद्या झोपू नका. आजवर तुमाला सगळे सिनेमे मी सांगितले. हा मी सांगणार न्हाई. तुमी बघायचा आणि मला कसा वाटला ते सांगायचं. बाकी लोकांना सांगता तसं. उगी गोड न्हाई."

"म्हणजे काय, तुझा सीन मी सोडीन होय?"

"तुमी माझ्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकाला झोपला व्हता," बाई म्हणाल्या आणि विषय संपला.

सूर्यकांतरावांनी तयारी कसून केली. सकाळी दोनदा चहा घेतला, खिशात लवंगा ठेवल्या, बामाची डबी घेतली. एका गोष्टीचा त्यांना अंदाज आला नाही. कार्यालय लग्नाचं, त्यामुळं सिनेमाआधी पंगत होती. बुंदी, वांग्याची भाजी, वरण-भात आणि वर तुपाची धार धरणारे खुद्द निर्माते उकंडराव. "साहेब, लाजू नका, सिनेमा आपलाच हाय," असं म्हणत त्यांनी दोनदा भात वाढला. मग सगळे पांढऱ्या कापडाच्या खुर्च्यांवर बसले, दारं लागली, मोठे कूलर सुरू झाले.

सिनेमा सुरू झाला. गाव दिसलं, सिद्धेश्वरचं धरण दिसलं, डोक्यावर घागर घेऊन पाठमोरी जाणारी एक बाई दिसली. "मीच," प्रेमाबाई कुजबुजल्या. सूर्यकांतरावांनी लवंग चावली. मग पडद्यावर सरपंच आले. सरपंचाचं काम उकंडरावांनीच केलं होतं. ते पारावर उभे राहिले, घसा खाकरला आणि पाण्याच्या प्रश्नावर बोलू लागले.

सूर्यकांतराव जागे झाले तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि पडद्यावर नावं वर सरकत होती.

त्यांनी हळूच बाजूला बघितलं. प्रेमाबाई समोर बघत ताठ बसल्या होत्या आणि पदरानं डोळ्याची कड पुसत होत्या. त्यांना भरून आलंय, असा सूर्यकांतरावांनी अर्थ काढला. स्वतःचं मरण स्वतः बघायचं म्हणजे सोपं नाही. आपण झोपलो हे तिच्या लक्षात आलं की नाही, याचा ते विचार करत होते, तेवढ्यात माईकवर विकासचा आवाज आला.

"आपल्यात सिनेमाचे मोठे जाणकार बसलेत. सूर्यकांत काकांनी दोन शब्द बोलावेत, ही विनंती."

मंगल कार्यालयाच्या स्टेजवर नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा होता. त्याच्या बाजूला उभं राहून सूर्यकांतरावांनी माईक हातात घेतला. सिनेमा बघितला नव्हता, पण एक सीन त्यांना पाठ होता. तो त्यांनी महिनाभर जागेपणी बघितला होता.

"मी पुष्कळ सिनेमे बघितलेत," ते म्हणाले. "सिनेमातले लोक मरताना काहीही बोलतात. कोणी वचन घेतं, कोणी कविता म्हणतं. पण आज पहिल्यांदा मी एक बाई बघितली, जी मरताना बरोबर प्रश्न विचारते. कॅनॉलचं पाणी टेलपर्यंत आलं का रे? बत्तीस वर्षं मी या विषयावरचे अर्ज वाचतोय. इतक्या कमी शब्दांत कोणीच लिहिलं नाही. आणि ते विचारताना तिचा जो हात वर येतो आणि अर्ध्यात थांबतो... नातं आहे म्हणून म्हणत नाही, पण सगळ्या सिनेमात हा सीन एक नंबर."

टाळी वाजली नाही.

फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारा संतराम मागच्या रांगेतून उभा राहिला. "साहेब, कोन्ता सीन म्हणून राहिले? आमाला तर न्हाई दिसला."

"मी ताटं आवरायला उठले तवा झाला का काय?" बायकांच्या बाजूनं उकंडरावांच्या बायकोनं, शालूबाईंनी विचारलं.

विकास स्वतःच्या बुटांकडं बघत होता. शेवटी उकंडराव उठले. "तो सीन काढला. लांबी व्हत होती."

"कशाची लांबी?" शालूबाई म्हणाल्या. "त्या बाईच्या मरणाची का तुमच्या भाषणाची?"

सगळं कार्यालय हसलं. सूर्यकांतराव हसले नाहीत. त्यांनी खाली प्रेमाबाईंकडं बघितलं आणि त्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या. बाईंच्या डोळ्यांत आलेलं पाणी कशाचं होतं, ही एक. आणि दुसरी ही, की बाईंना आता सगळं कळलंय. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. काढलेला सीन साहेबांनी बघितला कुठं, हा प्रश्न आता कोणीही विचारू शकत होतं.

"साहेबांनी मूळ प्रत पाहिली असंल," मोहनसिंग मोठ्यानं म्हणाला. "त्यांची पोच वरपर्यंत हाय." आणि हे लोकांना पटलं.

पण शालूबाईंना एवढ्यानं चैन पडेना. त्या उठून प्रेमाबाईंजवळ गेल्या. "ताई, चला वर. एवढं साहेब सांगून राहिले तर करून दाखवा. आमी बी बघतो टेलपर्यंत पाणी आलं का न्हाई. आमच्या माहेरी अजून आलं न्हाई."

प्रेमाबाई नको म्हणाल्या. पुन्हा नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा नको म्हणताना त्या स्टेजच्या पायऱ्या चढत होत्या.

त्या मखमली सोफ्यावर आडव्या झाल्या आणि पदर सारखा केला. पोरग्याचं काम करणारा नट नांदेडचा, तो पहिल्या खेळाला आलाच नव्हता. बाईंनी डोळे मिटूनच सांगितलं, "वाटी घ्या."

समोर दोनशे माणसं, त्यात मोहनसिंग आणि खात्यातले दोन कनिष्ठ लिपिक. सूर्यकांतराव गुडघ्यावर बसले. कोणीतरी आणून दिलेल्या वाटीतून त्यांनी चमचा भरला आणि जगातली सगळी कार्यालयीन प्रतिष्ठा बाजूला ठेवून म्हणाले, "आई, डोळे उघड गं आई."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. मग प्रेमाबाईंनी डोळे उघडले, प्रश्न विचारला, हात उचलला, आणि हसणारा गप्प झाला. सूर्यकांतराव हो म्हणाले. बाई हसल्या आणि गेल्या. शालूबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अगं माय." टाळ्या त्यानंतर झाल्या आणि बऱ्याच चालल्या. उकंडरावांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की सीन परत घालू, भाषण जरा कमी करू. "जरा न्हाई, पुष्कळ," असं बायकांच्या बाजूनं ठरलं.

ऊन उतरताना नवरा-बायको फाट्यावर संतरामच्या हॉटेलात हिंगोलीच्या बसची वाट बघत बसले. चहा आला.

"भाषण सुरू झालं की लगेच झोपलात," प्रेमाबाई म्हणाल्या.

"व्हय."

"एकदा कोपर मारलं, दोनदा मारलं. मग म्हटलं, राहू दे. बघण्यासारखं काही उरलंच न्हाई." त्यांनी बशी खाली ठेवली. "आता स्टेजवर तर जागे व्हता ना? सांगा."

"काय सांगायचं, प्रेमा. फार उत्तम—"

"ते उत्तम ठेवा तिकडं. लोकांना सांगता तसं सांगा."

सूर्यकांतराव अडचणीत आले. पूर्ण बघितलेल्या गोष्टीवर मत द्यायची त्यांना सवय नव्हती.

"प्राण गेल्यावर तू एकदा आवंढा गिळलास," ते म्हणाले.

संतराम फडकं मारायचं थांबला.

"आणखी?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"आणखी म्हणजे, मरणारा माणूस एवढा वेळ पदर सारखा करत नाही."

"समोर दोनशे माणूस बसलेलं. पदर सारखा न करता मरू?"

"मरणाऱ्याला काय कळतं समोर कोण बसलंय?"

"बाईला कळतंय," प्रेमाबाई म्हणाल्या. "बाई मेली तरी कळतंय. आणि आवंढा गिळला तो तुमच्यापायी. चमचाभर सांगितलं तर अर्धी वाटी वतली तोंडात. मेलेली बाई ठसकली असती तर चाललं असतं का?"

"हात थरथरत होता माझा."

"तेवढं चांगलं केलं तुमी," बाई म्हणाल्या. "रडणं न्हाई जमलं. रडता का शिंकता, समजत नव्हतं. पण हात खरा थरथरला."

हिंगोलीची बस आली, थांबली आणि गेली. दोघांपैकी कोणी वर बघितलं नाही. सूर्यकांतराव म्हणत होते की हात अर्ध्यात थांबतो तो आणखी थोडा आधी थांबायला पाहिजे, आणि प्रेमाबाई म्हणत होत्या की तुमाला हातातलं काय कळतंय. संतरामनं न सांगता आणखी दोन चहा आणून ठेवले.

"आणि पूर्ण सिनेमा?" सूर्यकांतरावांनी विचारलं. "तुला कसा वाटला?"

प्रेमाबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. मग खुर्ची जरा पुढं ओढून घेतली.

"पयली गोष्ट," त्या म्हणाल्या, "सरपंच एवढा वेळ बोलतो आणि पारावरचा एक माणूस उठून जात न्हाई. कोन्त्या गावात असं असतं ते आधी सांगा."